पाच टनांची अट

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये मॅनिफोल्ड नावाची एक लहानशी नदी आहे. तिच्या खोऱ्यातून जून १९०४ मध्ये एक नॅरोगेज रेल्वे सुरू झाली आणि मार्च १९३४ मध्ये बंदही पडली. नाव भारदस्त, लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे. लांबी सव्वाआठ मैल, इंजिनं दोन, प्रवाशांचे डबे चार. आसपासच्या शेतकऱ्यांचं दूध वाहून नेणं हे तिचं मोठं काम. पुढे रूळ उखडले गेले, इंजिनं भंगारात गेली आणि त्या वाटेवरून आता लोक सायकली चालवतात. तरीही ब्रिटनमधल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या टेबलांवर ही गाडी अजून धावते. नामांकित एक्स्प्रेस गाड्यांची मॉडेलं दुकानात तयार मिळतात. पण मॅनिफोल्डसारख्या आडबाजूच्या लाइनची वाघीण करायची तर आधी तिची मापं, तिचा रंग, तिच्या कड्या-कोयंड्यांची जागा शोधून काढावी लागते. या मंडळींना तोच शोध हवा असतो.

त्या गाडीचे जुने फोटो मराठी माणसाने जरूर पाहावेत. इंजिनाच्या कपाळावर हा एवढा मोठा हेडलाइट! इंग्लंडमध्ये लोहमार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण असतं, तिथल्या इंजिनांना त्या काळी असले दिवे लागत नसत. डबे फिकट पिवळे, दोन्ही टोकांना उघडे सज्जे, जणू उन्हाळ्यात वारा खायला उभं राहण्यासाठीच केलेले. आणि हे सगळं कुठे, तर डोंगराळ, ओल्या, थंड इंग्रजी खेड्यात. बघणाऱ्याला वाटतं, ही गाडी इथली नव्हे. तिचा घाट खरोखरच तिथला नव्हता. मॅनिफोल्डचे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी त्याआधी सात वर्षं कुर्डुवाडी ते बार्शी अशी एक रेल्वे सुरू केलेली होती. मॅनिफोल्डचं रूप बार्शी लाइटवरून उतरलं.

म्हणजे इंग्लंडमधल्या त्या छोट्या इंजिनाचं मॉडेल नीट समजून करायचं, तर वाट सोलापूर जिल्ह्यातून जाते. आणि बार्शी लाइटचं मॉडेल करायला निघालेल्या लातूरच्या माणसाची वाट लीड्समधून जाते, कारण तिची पहिली इंजिनं आणि वाघिणी दोन्ही तिथेच घडली.

मी उमरीचा. आमची लाइन वेगळी. मनमाड ते सिकंदराबाद ही हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे १८९९ ते १९०१ या काळात झाली, मीटरगेज. उमरीच्या बाजारातला कापूस तिच्यावरून जायचा. लातूरला मात्र १९११ मध्ये बार्शी लाइट पोचली ती अडीच फुटांची, म्हणजे ७६२ मिलिमीटरची. तिकडे लातूर रोडवरून जाणारी विकाराबाद–परळी लाइन ब्रॉडगेज. एका मराठवाड्यात रुळांच्या तीन रुंद्या! मला तिन्हींचं वेड आहे, पण जिच्या घडणीमागचा विचार अगदी एका आकड्यात सांगता येतो अशी बार्शी लाइट एकच, आणि तो आकडा कळला की तिच्या इंजिनाचा प्रत्येक अवयव बोलायला लागतो.

तो आकडा पाच.

कॅलथ्रॉप यांचा जन्म १८५७ चा. रॉबर्ट स्टीफनसन यांच्या कंपनीत आणि नंतर क्रू इथल्या रेल्वे कारखान्यात शिकून ते १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेत इंजिन निरीक्षक म्हणून हिंदुस्थानात आले. मुख्य लाइनवर हिंडताना त्यांच्या लक्षात आलं असावं की कापूस आणि गळिताचं धान्य पिकतं ते लाइनपासून दूर, आणि तिथवर ब्रॉडगेज नेणं कुणालाच परवडणारं नाही. बार्शी तेव्हाही मोठी पेठ होती. लाइनपासूनचं अंतर साधारण एकवीस मैल. स्वस्तात रेल्वे न्यायची तर रूळ हलके हवेत. त्यांनी एका यार्डाला तीस पौंड वजनाचा रूळ धरला. आजच्या मापात तो मीटरला पंधराएक किलो होतो. आता मुख्य मार्गांवर मीटरला साठ किलोचा रूळ असतो. त्याचा हा चौथा हिस्सा.

हलक्या रुळावर जड इंजिन चालत नाही, हे कुणालाही कळतं. कॅलथ्रॉप यांनी प्रश्न उलटा धरला. त्या काळी बहुतेक रेल्वेंवर इंजिनाच्या आसावर भरपूर वजन यायचं आणि वाघिणीच्या आसावर त्यामानाने कमी. रूळ घालायचा तो इंजिनाला पेलेल असा, म्हणजे महाग. आणि मागून येणाऱ्या पंधरा-वीस वाघिणी त्या महाग रुळाची ताकद पुरती वापरतच नाहीत. पैसा गाडला तो एकट्या इंजिनासाठी. यावर त्यांनी अट घातली: इंजिन असो, प्रवासी डबा असो, वाघीण असो, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येणार नाही, आणि शक्य तिथे पाच टनांच्या अगदी जवळ आणायचं. मग रुळाचा इंच न् इंच गाडीच्या पहिल्या चाकापासून शेवटच्या चाकापर्यंत सारखं काम करतो.

या अटीतून इंजिनाचा आकार आपोआप ठरतो, आणि हेच मला सर्वांत सुंदर वाटतं. इंजिनं ओळखायची एक पद्धत आहे. पुढची लहान चाकं, मधली ओढणारी चाकं, मागची लहान चाकं, असे तीन आकडे ओळीने सांगायचे. दोन्ही बाजूंची चाकं मिळून मोजायची. बार्शी लाइटची पहिली, ‘ए’ वर्गाची पाच इंजिनं होती ०-८-४. पुढे लहान चाक नाही, आठ ओढणारी, चार मागची. एकूण बारा चाकं, सहा आस. सहा पंचे तीस, म्हणजे पाणी आणि कोळसा पोटात घेतलेलं हे टँक इंजिन तीस टनांच्या आत बसलं पाहिजे. अडीच फुटांच्या गेजवर एवढं लांबलचक इंजिन कशासाठी, हा प्रश्न फोटो पाहताना पडतो. उत्तर त्या गुणाकारात आहे. पुढच्या ‘बी’ वर्गात पुढेही चार लहान चाकं आली, ४-८-४. आठ आस, चाळीस टनांपर्यंत मुभा, शिवाय वळणात शिरताना पुढची चाकं इंजिनाला वाट दाखवतात. ही सगळी लीड्सच्या हन्सलेट भागातल्या किटसन कंपनीची, एअरडेल फाउंड्रीची. शंभर वर्षांच्या आसपासच्या आयुष्यात या कारखान्याने पाच हजारांहून जास्त इंजिनं घडवली आणि १९३८ मध्ये तो बंद पडला. नंतरच्या काळात बार्शी लाइटवर नासमिथ विल्सन आणि बॅगनल या कंपन्यांची २-८-२ इंजिनंही आली.

इंजिनांचं कौतुक सगळे करतात. मला विचाराल तर बार्शी लाइटची खरी करामत तिच्या वाघिणीत आहे. लीड्स फोर्ज नावाच्या कारखान्याचे सॅमसन फॉक्स हे पोलादाचा तापवलेला पत्रा मोठ्या हायड्रॉलिक प्रेसखाली दाबून त्याच्या घड्या पाडत आणि अख्खी चौकट एकसंध घडवत. नेहमीच्या पद्धतीत निरनिराळ्या पट्ट्या आणि कोन रिव्हेटांनी जोडावे लागत. सांधे जास्त, वजन जास्त. दाबून घडवलेली चौकट हलकी आणि तरी ताठ. कॅलथ्रॉप यांनी मालगाडीच्या सगळ्या वाघिणींना एकाच मापाची अशी चौकट दिली, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. खाली दोन बोगी, चार आस. चार पंचे वीस. वाघीण आणि माल मिळून वीस टन. आता चौकट जितकी हलकी, तितका त्या विसातला मालाचा वाटा मोठा. बंद वाघीण असो की उघडी, वर फक्त पेटी बदलायची. अडीच फुटांच्या रुळावर सात फूट रुंद वाघीण! रुळाच्या जवळजवळ तिप्पट. समोरून काढलेल्या फोटोत ती अशी दिसते की खालचे रूळ चुकून अरुंद पडलेत असं वाटावं.

हिंदुस्थानात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून ही इंजिनं आणि वाघिणी चालवून दाखवली गेली. म्हणजे बार्शी लाइट पहिल्यांदा धावली ती यॉर्कशायरमध्ये. मार्च १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. तेव्हा कुर्डुवाडीच्या स्टेशनाचं नावच बार्शी रोड होतं. १९०६ मध्ये पंढरपूर जोडलं गेलं, १९११ मध्ये निजामाच्या राज्यातलं लातूर, आणि १९२७ मध्ये मिरज. कॅलथ्रॉप गेले तेही १९२७ मध्येच. मधल्या काळात त्यांनी अरबी घोडे पाळले, घोड्यांना मायेने शिकवण्यावर पुस्तक लिहिलं, आणि वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री तयार केली. पहिल्या महायुद्धात ती वापरली गेली. त्यांचे मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधले रोल्स, १९१० मध्ये विमान कोसळून गेले, त्या धक्क्यातून या छत्रीचं काम उभं राहिलं. वजन किती आणि ते कशावर पेलायचं, याचा विचार करण्यात या माणसाचं आयुष्य गेलं.

कुर्डुवाडीला मात्र एक दुखणं राहिलं. बार्शीकडून आलेला प्रत्येक गठ्ठा आणि प्रत्येक पोतं हमालांनी नॅरोगेजच्या वाघिणीतून उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढवायचं. मॅनिफोल्डला कॅलथ्रॉप यांनी यावर तोडगा काढला. मोठ्या गेजची अख्खी वाघीण मालासकट पाठीवर घेणारी सखल गाडी त्यांनी नॅरोगेजसाठी करवून घेतली. ब्रिटनमध्ये अशी सोय प्रथम तिथेच आली. मॉडेल करणाऱ्यांना ही गाडी फार आवडते, कारण मोठ्या गेजची तयार मिळणारी वाघीण छोट्या रुळावर चढलेली पाहण्यात मोठी गंमत असते.

आता शोधाकडे वळतो. विस्मरणात गेलेल्या इंजिनाचं मॉडेल करायचं म्हणजे पुराव्यांची छाननी करायची. पहिला पुरावा कारखान्याचं मूळ रेखाचित्र. त्यात सगळी मापं असतात, पण इंजिन नेमकं तसंच बनलं याची खात्री ते देत नाही. बनता बनता पाइपाची जागा हलते, पायरी वाढते. इंजिनावरच्या पितळी पाटीवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. वर्कशॉपमध्ये दुरुस्तीच्या वेळी बॉयलर आणि इतर भाग एका इंजिनाचे दुसऱ्याला लागतात. म्हणून जाणकार दांड्यांवर ठोकलेले क्रमांक शोधतात. एकाच इंजिनावर दोन-तीन इंजिनांचे क्रमांक सापडतात आणि त्यावरून त्याचा इतिहास लागतो.

दुसरा पुरावा फोटो. नवं इंजिन कारखान्यातून निघताना त्याचा अधिकृत फोटो काढायची रीत होती. चकाकी येऊ नये म्हणून त्याला मंद करड्या रंगाचा हात देत, कडा रेघांनी उठवत. कधी तर कॅमेऱ्याकडची एकच बाजू रंगवत. तो फोटो पाहून कुणी करडं मॉडेल केलं, तर ते लोकांपुढे एकदाही न धावलेल्या इंजिनाचं मॉडेल होईल. शिवाय त्या काळच्या बहुतेक काचेच्या निगेटिव्हला लाल रंग जवळजवळ दिसत नसे आणि निळा फार उजळ उमटे. त्यामुळे जुन्या फोटोत काळपट दिसणारा भाग खरा लाल असू शकतो, आणि पांढरट दिसणारं आकाश त्या दिवशी निळंभोर असू शकतं. रंग ठरवायचा तर फोटोपेक्षा कंपनीच्या नोंदी, रंगाच्या खरेदीची बिलं आणि पाहिलेल्या माणसाचं सांगणं जास्त कामाला येतं. वर्षही ठरवावं लागतं. मॅनिफोल्डचे पिवळे डबे पुढे गडद लाल झाले. पिवळा डबा आणि उतारवयातलं काळं इंजिन एकाच गाडीत जोडलं, की जाणकार लगेच बोट ठेवतो.

फोटोतून मापं काढायची युक्ती मला विशेष आवडते. चित्रात एक तरी माप पक्कं माहीत हवं. समोरून काढलेल्या फोटोत ते असतंच: दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर. कंपास घेऊन तेवढं अंतर मोजायचं आणि चाकांच्या लगतच असलेल्या बफरची उंची, पायरीची रुंदी त्या हिशेबात काढायची. दूरची वस्तू लहान दिसते, म्हणून एकाच प्रतलातल्या गोष्टींचीच तुलना करायची. बाजूने काढलेल्या फोटोत वाघिणीची २५ फूट लांबी हीच मोजपट्टी. तीवरून दाराची रुंदी निघते, दारावरून कडीची लांबी.

हे काम अनेकांनी आयुष्यं घालून केलं आहे. हिंदुस्थानातल्या इंजिनांच्या याद्या ह्यू ह्यूज यांनी चार भागांत छापल्या. त्यातला तिसरा भाग नॅरोगेजचा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत, त्यात रेल्वेंचे वार्षिक अहवाल आहेत. पण बार्शी लाइटबद्दल जे कुठल्याही अहवालात येत नाही, ते आपल्याकडच्या घरांत आहे. १ जानेवारी १९५४ ला सरकारने ही रेल्वे विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. गेज बदलण्याचं काम नव्या शतकाच्या पहिल्या दशकात झालं, म्हणजे नॅरोगेजवर नोकरी केलेले ड्रायव्हर, फायरमन, गार्ड आणि कुर्डुवाडी वर्कशॉपचे फिटर आजही लातूर, बार्शी, पंढरपूर, मिरजेत आहेत. त्यांच्या भिंतीवर निरोप समारंभाचा फोटो असतो आणि मागे एखादी वाघीण उभी असते. तिच्यावरची अक्षरं कंपनीची की मध्य रेल्वेची, एवढं वाचता आलं तरी फोटो १९५४ च्या अलीकडचा की पलीकडचा हे बहुधा सांगता येतं. लग्नाच्या वऱ्हाडाचा स्टेशनावरचा फोटो, पंढरीला निघालेल्या दिंडीचा फोटो, यांत कुणाचंही लक्ष नसलेल्या कोपऱ्यात इंजिनाचा दिवा दिसतो, पाण्याचा स्तंभ दिसतो. लीड्सच्या कुठल्याही कपाटात हे नाही. यात्रेच्या दिवसांत मालाच्या वाघिणीत माणसं बसवण्याची रीत तेव्हा देशातल्या कितीतरी रेल्वेंवर होती. त्या वाघिणीला आत धरायला काय होतं, दार किती उघडं ठेवत, हे ज्यांनी तसा प्रवास केला तेच सांगतील. असं कुणी घरात असेल तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसावं, अगदी याच आठवड्यात.

मॉडेलचं गणित सोपं आहे. ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त चालणारं प्रमाण एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे सुमारे एकास ७६. या हिशेबाने ब्रॉडगेजचे साडेपाच फूट होतात बरोबर २२ मिलिमीटर, उमरीचा जुना मीटरगेज होतो १३ च्या किंचित वर, आणि बार्शी लाइटचे अडीच फूट होतात दहा. बाजारात मात्र नऊ मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो, म्हणून बहुतेक जण एक मिलिमीटर सोडून देतात. काहींना तो एक मिलिमीटर झोपू देत नाही. ते स्लीपर कापून रूळ स्वतः घालतात. माझा कौल त्यांच्याच बाजूने आहे. वर सात फुटांची रुंद वाघीण आणि खाली अडीच फुटांचा रूळ, हा तोलच तर या रेल्वेची ओळख आहे. त्यातला दहावा हिस्सा उगाच का सोडायचा?

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. रूळ, सिग्नल, पूल, गाव असं सगळं एकत्र चालताना पाहायचं असेल तर मराठवाड्यातल्या मुलांनी एकदा तिथे जावं. घरी हात घालायचा तर इंजिनाने सुरुवात करू नये. वाघीण घ्यावी. ट्रेसिंग कागदावर १०० मिलिमीटर लांब आणि २८ मिलिमीटर रुंद आयत काढला की बार्शी लाइटची चौकट झाली. जाड पुठ्ठ्याची पेटी, पितळेच्या पातळ पत्र्याची दारं. रिव्हेट दाखवायचे तर पत्रा पालथा घालून सुईने मागून टोचे मारायचे. एक इंच व्यासाचं रिव्हेटचं डोकं या मापात एक तृतीयांश मिलिमीटर होतं, तेव्हा भिंग हवंच. आणि शेवटी आत शिशाचा तुकडा चिकटवायचा, नाहीतर वाघीण इतकी हलकी होते की वळणावर रूळ सोडते. तो तुकडा बरोबर मध्यावर बसवावा. वजन चारही आसांवर सारखं पडलं पाहिजे.